पाच तीनदा आला म्हणून उत्तर चूक कसं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर रोज भरती-ओहोटीच्या वेळा येतात, त्या आमच्या घरात सगळ्यात आधी वाचल्या जातात, कारण घर हर्णै बंदराच्या बाजूला आणि माझा मोठा भाऊ, दादा, बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. हे पत्र लिहायचं त्या वेळांवरूनच सुचलं, पण विषय मासळीचा नाही, अकरावीच्या गणिताचा आहे. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी पोरांचे मार्क यात जातायत आणि मार्कांपेक्षा वाईट म्हणजे त्यांच्या डोक्यात चुकीचं बसतंय, म्हणून एवढं लांब लिहितेय.

गोष्ट जुलैमधली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढून शाकारलेल्या, दादा दिवसभर पडवीत जाळी तुणत बसलेला. भाची यंदा अकरावी सायन्सला गेली, दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता सगळं एकदम इंग्रजीत, त्यात क्लासवाल्यांनी भराभर पुढचं शिकवायला घेतलेलं. त्या दिवशी टेस्टचा पेपर घेऊन आली आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवला. प्रश्न असा होता की खाली दिलेले संबंध, म्हणजे आकड्यांच्या जोड्या, फंक्शन आहेत का ते कारण देऊन सांगा. पहिला संबंध (१,५), (२,५), (३,५). हिने लिहिलं, आहे. त्यावर लाल फुली आणि बाजूला शेरा, ५ रिपीट झालाय, फंक्शन नाही. दुसरा संबंध (१,४), (१,६), (२,८). हिने लिहिलं, फंक्शन नाही, त्याला बरोबरची खूण. पहिल्याचे दोन मार्क गेले.

मी स्वतः बी.एस्सी. गणित घेऊन केलंय, संध्याकाळी घरी आठ-दहा पोरांच्या शिकवण्या घेते, त्यामुळे ठामपणे सांगते, पोरीचं उत्तर बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये जाऊन सरांना भेटले. ते नीट बोलले, उलटं काही बोलले नाहीत, पण म्हणाले आन्सर-की बाहेरून येते त्यात असंच आहे, आणि मॅडम, एकाला एकच असलं पाहिजे हीच तर फंक्शनची व्याख्या ना, इथे एका पाचाला तीन जण आहेत.

तेव्हा मला कळलं घोळ कुठे होतोय. घोळ आहे तो या "एकाला एकच"मध्ये. हे वाक्य आम्ही सगळेच शिक्षक वर्गात वापरतो, मीपण वापरलंय, आणि ते अर्धवट आहे. कोणाला एकच? डावीकडच्याला की उजवीकडच्याला? मराठीत हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येतं आणि पोरं नेमकं दोन्ही बाजूंनी वाचतात, मग त्यांना वाटतं की कुठलाच आकडा परत येता कामा नये, ना इकडे ना तिकडे. खरी अट एकाच बाजूची आहे. डावीकडच्या प्रत्येकाला उजवीकडचं काहीतरी मिळालं पाहिजे आणि ते एकच मिळालं पाहिजे. बस. उजवीकडच्याकडे किती जण आले, एक आला, तीन आले की कोणीच नाही आलं, हे व्याख्या विचारतच नाही.

तुम्ही म्हणाल दोन मार्कांचं एवढं काय. पण त्या चुकीच्या नियमाने पुढे काय होतं बघा. त्याच आठवड्यात भाची मला म्हणाली, आत्ये, मग एक्सचा वर्ग पण फंक्शन नाही ना, कारण २ चा वर्ग ४ आणि उणे २ चा पण ४. आता एक्सचा वर्ग फंक्शन नाही म्हटलं तर पॅराबोला गेला, साइन-कोसाइन गेले कारण त्यांच्या किमती तर पुन्हा पुन्हा येतातच, कॉन्स्टंट फंक्शन, म्हणजे सगळ्यांना एकच किंमत देणारं, ते तर पहिलंच गेलं. म्हणजे अकरावी-बारावीचं अर्धं पुस्तक एका लाल फुलीने खोटं ठरतं आणि पोरगी घरी बसून विचार करते की पुस्तक चूक की मी चूक. पुस्तक चूक असं तर कुठलीच पोर म्हणत नाही, ती स्वतःलाच चूक धरते. मला सगळ्यात जास्त याचं वाईट वाटतं.

तर आम्ही हे बोलत होतो तेव्हा दादा तिकडे जाळी तुणताना सगळं ऐकत होता. दादा सातवीपर्यंत शिकलाय. तो पोरीला म्हणाला, "काय गो, चतुर्थीला भरती किती वाजता?" ती लगेच म्हणाली, तीन वाजता. आमच्याकडे हा हिशेब लहान पोरांनासुद्धा येतो, तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार, चाराचे पाऊणपट तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाजाचाच हिशेब आहे, थोडा वेळ पुढेमागे होतो, खाडीत आत गेलं की आणखी फरक पडतो, पण बोट काढायला पुरतो. त्यामागचं कारण असं की भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा डोक्यावर येतो, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, जवळपास तेवढेच.

मग दादाने विचारलं, कुठली चतुर्थी धरलीस, विनायकी की संकष्टी? पोरगी थांबली. म्हणाली, दोन्हीला तीनच. दादा म्हणाला, "मग? दोन चतुर्थ्यांना तीनच वाजले म्हणून पाणी काय यायचं थांबतं?"

संपादक महोदय, मी इतकी वर्षं शिकवतेय, पण मेनी-वन फंक्शन, म्हणजे अनेकांना एकच उत्तर देणारं फंक्शन, इतक्या सरळ कोणी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. शुद्ध चतुर्थी घ्या की वद्य चतुर्थी, प्रत्येकीला वेळ मिळते आणि एकच मिळते. दोघींची वेळ सारखी आहे, असू दे. महिन्याच्या तीस तिथ्या आणि वेळा फक्त पंधरा, प्रत्येक वेळ दोनदा वापरलेली, तरी हे अस्सल फंक्शन आहे. तांडेल त्याच्या भरवशावर माणसं घेऊन समुद्रात जातो.

मी मग उलटं विचारलं. भरती तीनला आहे, तर तिथी सांग. आता पोरगी म्हणाली, नाही सांगता येणार, दोन तिथ्या निघतात. दादा म्हणाला, चंद्र बघायला लागेल, संध्याकाळी पश्चिमेला बारीक कोर असली तर विनायकी, आणि चंद्र रात्री जेवणं झाल्यावर उगवला तर संकष्टी. म्हणजे वेळेवरून तिथी हे फंक्शन नाही, एकाच वेळेला दोन उत्तरं आहेत, आणि एक उत्तर काढायचं तर आणखी एक माहिती लागते. पुस्तकात याला इन्व्हर्स म्हणतात, आणि इन्व्हर्स फंक्शन हवं असेल तेव्हा मात्र उजवीकडचं रिपीट चालत नाही. ती वन-वनची अट, वेगळी, नंतर येणारी. आन्सर-की बनवणाऱ्याने हीच पुढची अट आधीच्या प्रश्नाला लावली, माझी खात्री आहे चूक इथेच झाली.

यात आणखी एक बारकावा आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिवसात भरती दोनदा येते, दोन भरत्यांच्यात सुमारे १२ तास २५ मिनिटं. मग "चतुर्थीला भरती किती वाजता" याची खरं तर दोन उत्तरं झाली, एक पहाटेचं आणि एक दुपारचं. मग हे फंक्शन उरतं का? दादाचं घड्याळ बारा तासांचं, त्यावर पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन एकच काटा दाखवतात, पंचवीस मिनिटं सोडून दिली तर उत्तर एकच. चोवीस तासांचं घड्याळ धरलं तर दोन उत्तरं, मग फंक्शन नाही, आणि पुन्हा फंक्शन करायचं तर प्रश्नात "पहाटेची भरती" असं घालायला लागतं. म्हणजे संबंध फंक्शन आहे का हे नुसत्या आकड्यांकडे बघून नाही कळत, डावीकडे काय ठेवलंय आणि उजवीकडे काय ठेवलंय ते आधी पक्कं करायला लागतं. डावीकडचं म्हणजे डोमेन, उजवीकडचं म्हणजे कोडोमेन, हे दोन शब्द पोरं घोकतात, पण कशासाठी लागतात ते त्यांना कोणी सांगत नाही. ते यासाठी लागतात.

ग्राफचंही तसंच. व्हर्टिकल लाइन टेस्ट सगळ्यांना पाठ आहे, उभी रेघ आलेखाला एकापेक्षा जास्त ठिकाणी कापत असेल तर फंक्शन नाही, पण उभीच का, आडवी का नाही, हे विचारलं की वर्ग गप्प. मी माझ्या पोरांना भरतीचा आलेख काढायला लावला. आडव्या रेघेवर वेळ, रात्री बारापासून दुसऱ्या रात्री बारापर्यंत, आणि उभ्या रेघेवर जेटीच्या खांबावर पाणी किती चढलं ते. दोनदा वर दोनदा खाली जाणारी लाट निघते. मग खराट्यातला एक हीर काढून दिला आणि सांगितलं हा उभा धरून आलेखावरून डावीकडून उजवीकडे सरकवत न्या. हीर लाटेला प्रत्येक जागी एकदाच टेकतो. का? कारण एका क्षणाला एका खांबावर पाणी दोन उंचींवर असूच शकत नाही. आता तोच हीर आडवा धरा, मधल्या उंचीला. चार ठिकाणी कापतो, दोनदा चढताना आणि दोनदा उतरताना. म्हणजे "आत्ता पाणी किती" याला उत्तर एक, पण "पाणी खांबाच्या या खुणेला कधी होतं" याला दिवसात चार उत्तरं. एक पोरगा आपणहून म्हणाला, बाई, म्हणून उभी रेघ, उभी रेघ म्हणजे एक वेळ. याच्यापुढे मला काही शिकवायला लागलं नाही.

त्याच हिराने मग वर्तुळ तपासलं, एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग बरोबर २५. एक्स ३ वर हीर उभा धरला तर वर ४ ला कापतो आणि खाली उणे ४ ला, तीन एक आणि उत्तरं दोन, नाही फंक्शन. पण फक्त वरचं अर्धवर्तुळ ठेवलं तर आहे. वाय बरोबर ५ ही आडवी रेघ फंक्शन आहे, हीर कुठेही धरा एकदाच कापतो. आणि भाचीच्या पेपरातलं (१,५), (२,५), (३,५) म्हणजे याच रेघेवरचे तीन ठिपके. आलेख काढला असता तर तपासणाऱ्यालाही दिसलं असतं. एक्स बरोबर ५ ही उभी रेघ मात्र फंक्शन नाही, तिथे हीर आख्ख्या रेघेवरच झोपतो.

ज्यांना आलेख जड जातो त्यांना मी होड्यांचं सांगते. तीन पोरं जेटीवर उभी आहेत आणि दोन होड्या आहेत, प्रत्येक पोराला होडीत बसवायचं. तिन्ही पोरं एकाच होडीत बसली आणि दुसरी रिकामी गेली तरी चालतं. एक पोर जेटीवर राहून गेलं तर नाही चालत. आणि एक पोर एकाच वेळी दोन होड्यांत बसलं असं तर होऊच शकत नाही. पोरं म्हणजे डोमेन, होड्या म्हणजे कोडोमेन, फंक्शनची व्याख्या यात पूर्ण आली. मोजायचं असेल तर प्रत्येक पोराला दोन पर्याय म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ फंक्शन. आणि काहीच अट न ठेवता पोरं-होड्यांच्या जोड्या लावायच्या म्हटलं तर जोड्या सहा, प्रत्येक घ्या किंवा सोडा, म्हणून संबंध ६४ होतात. चौसष्टातले फक्त आठ फंक्शन. पोरांना हे एकदा हाताने मोजायला लावा, संबंध आणि फंक्शन यातला फरक परत कधी विसरत नाहीत.

जेटीवर राहिलेलं पोर ही अट तर सगळेच विसरतात. हजेरी क्रमांकावरून टेस्टचे मार्क हा संबंध घ्या, एक जण गैरहजर असला तर त्याच्या क्रमांकापुढे काहीच नाही, मग पूर्ण वर्ग डोमेन धरला तर ते फंक्शन नाही. एक भागिले एक्स शून्याला तसंच अडतं, शून्याने भागताच येत नाही.

आपल्याकडे उदाहरणं शोधायला लांब जायला लागत नाही हो. सातबारा घ्या. गट नंबरावरून क्षेत्र बघा, एक गट एक क्षेत्र, फंक्शन. गट नंबरावरून मालक बघा, आमच्याच एका गटावर आजोबांपासूनची सामाईक सत्तावीस नावं आहेत, निम्मे मुंबईत, ते फंक्शन नाही. एसटीचं तिकीट घ्या, टप्पा सहा किलोमीटरचा, ठरलेल्या गाडीत अंतरावरून भाडं एकच निघतं पण भाड्यावरून नेमकं अंतर नाही निघत. संध्याकाळी बंदरावर लिलावाला उभं राहा, त्याच मापाच्या पापलेटच्या दोन टोपल्या अर्ध्या तासात दोन भावाला जातात, तेव्हा वजनावरून भाव हे फंक्शन नाही, कोळणीला हे कोणी शिकवायला नको.

अजून एक चुकीची समजूत क्लासमधूनच येते, की फॉर्म्युला असला तरच फंक्शन. ही समजूत निदान जुनी आणि मोठ्या माणसांची आहे. गणितज्ञ ऑयलर, ज्याने १७३४ मध्ये फंक्शन लिहायची ती एफ आणि कंसाची पद्धत वापरली, त्याने १७४८ च्या पुस्तकात फंक्शन म्हणजे एक सूत्र अशीच व्याख्या दिली होती. मग ताणलेल्या तारेच्या कंपनावरून गणितज्ञांत बरीच वर्षं वाद चालला, की हाताने ओढलेल्या कुठल्याही वक्राला फंक्शन म्हणायचं का. डिरिश्ले या जर्मन गणितज्ञाने १८२९ मध्ये असं फंक्शन दाखवलं की परिमेय संख्येला एक किंमत आणि अपरिमेय संख्येला दुसरी, त्याचा आलेख कागदावर काढताच येत नाही, आणि १८३७ मध्ये त्याने सांगितलं की प्रत्येक एक्सला वायची एक ठरलेली किंमत मिळाली की झालं, सगळीकडे एकच सूत्र चाललं पाहिजे असं काही नाही. म्हणजे ही व्याख्या हुशार माणसांना शंभर वर्षं भांडून मिळालीय. आपण ती पोरांना एका तासात सांगतो आणि वर आन्सर-की बघून फुली मारतो, तेव्हा जरा थांबून सांगायला हवी. तुमच्याच पेपरात रोज पाऊस येतो, दापोली एवढे मिलिमीटर, गुहागर एवढे मिलिमीटर. तारखेवरून दापोलीचा पाऊस हे फंक्शन आहे, त्याला कुठलाही फॉर्म्युला नाही, आणि दोन तारखांना सारखाच पाऊस पडला म्हणून तुम्ही त्यातली एक तारीख खोडत नाही.

भाषेचंही सांगते. मराठी पुस्तकात फंक्शनला फल म्हणतात आणि रिलेशनला संबंध. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोरं अकरावीला या शब्दांच्या इंग्रजी रूपांना पहिल्यांदा भेटतात, आणि शिकवणाराही घाईत, सिलॅबस संपवायचा असतो. मी इंग्रजीच्या विरोधात नाही, पुढे लागणारच आहे ते. पण व्याख्या एकदा तरी आपल्या बोलीत पूर्ण सांगा, डावीकडच्या प्रत्येकाला, उजवीकडचं, एकच. हे तीन तुकडे, यातला एकही गाळायचा नाही. "एकाला एकच" एवढंच म्हणू नका, ते वाक्य मी माझ्या शिकवणीत आता बंद केलंय.

क्लासबद्दल सांगायचं तर सरांनी नंतर स्वतः बसून तपासलं आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या बॅचचे ते दोन मार्क दिले, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. पण तीच आन्सर-की आणखी किती गावांत गेली असेल कोण जाणे. म्हणून ज्या पोरांच्या पेपरावर अशी फुली असेल त्यांच्या पालकांनी घाबरू नये, पेपर घेऊन जावं आणि शांतपणे विचारावं की डावीकडचा कुठला आकडा दोन उत्तरं देतोय ते दाखवा. तपासणाऱ्यांनीही नुसती फुली न मारता कारण लिहावं. इथे कारण लिहिलं होतं म्हणून तर चूक सापडली.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. भरतीच्या वेळा तुम्ही छापता, त्यांच्या शेजारी पाण्याची उंचीपण छापा, पूर्ण भरतीला किती मीटर आणि पूर्ण ओहोटीला किती. चार वेळा आणि चार आकडे, एका ओळीची जागा लागेल. बहुतेक दिवशी त्यातून चार ठिपके मिळतात, ते जोडून किनाऱ्यावरच्या कुठल्याही शाळेतल्या पोराला त्या दिवसाचा आलेख काढता येईल, अष्टमीच्या भांगाचा, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीचा, बुटका आणि अमावस्येच्या उधाणाचा उंच, आणि उभा धरायला हीर तर प्रत्येकाच्या घरच्या खराट्यात आहे.

आपली,
एक वाचक आणि आत्या,
हर्णै परिसर, ता. दापोली